व्हर्सायच्या बागा : उन्हाळ्यात जायचं तर कारंज्यांचा वार बघून जा

पॅरिसजवळच्या व्हर्सायला जाणारे बहुतेक लोक आधी राजवाडा गाठतात, आरसेमहालाच्या गर्दीत दमतात आणि उरलेल्या तासाभरात बाग उरकतात. एवढ्या मोठ्या बागेवर हा अन्याय आहे. फ्रान्सचा राजा चौदाव्या लुईने १६६१ मध्ये बागा आखणाऱ्या आंद्रे ल नोत्रला कामाला लावलं, तेव्हापासून ही बाग राजवाड्याच्या तोलाचीच म्हणून आखली गेली. तिच्यासाठी अर्धा दिवस वेगळा काढा. त्रियानोंचे दोन छोटे महाल जोडायचे असतील तर अख्खा दिवस.

सगळं वारावर अवलंबून आहे. एप्रिल ते ऑक्टोबर शनिवार-रविवारी कारंजी सोडतात, हंगामात काही मंगळवारीही. इतर काही दिवशी झाडीत बरोक, म्हणजे त्या राजाच्या काळच्या शैलीचं संगीत लावलेलं असतं, पण पाण्याचा तो थाट नसतो. अशा दोन्ही दिवशी बागेचं तिकीट वेगळं लागतं. चूक इथेच होते: नुसतं राजवाड्याचं तिकीट घेऊन आलेल्यांना बागेच्या दाराशी पुन्हा पैसे मोजावे लागतात. दोन्ही बघायचं असेल तर ‘पासपोर्ट’ नावाचं एकत्रित तिकीट घ्यावं. एरवी बाग फुकट असते, पण मग बॉस्के, म्हणजे उंच छाटलेल्या झाडांच्या भिंतींआड दडवलेली दालनं, कुलूपबंद. बॉस्के न बघता परतणं म्हणजे वाडा बाहेरूनच बघून येणं. त्यामुळे पैसे वाचवायला असा दिवस निवडू नये.

कारंजी दिवसभर चालतील अशी समजूत करून येणारेही फसतात. ती सकाळी काही वेळ आणि दुपारनंतर काही वेळ चालतात, मध्ये बंद. इथे मुळात पाण्याचीच टंचाई. सेन नदीचं पाणी वर चढवायला १६८४ मध्ये नदीकाठच्या मार्लीला चौदा प्रचंड चाकांचं यंत्र बसवलं, तरी सगळी कारंजी एका वेळी चालवणं परवडत नसे. राजा जवळ आला की शिट्टी वाजायची आणि माणसं त्याच्या पुढचं कारंजं उघडायची. आजही उंचावरच्या साठ्यांतलं पाणी उताराच्या दाबाने तोट्यांपर्यंत येतं, म्हणून वेळा ठरलेल्या. दारात मिळणाऱ्या नकाशावर त्या छापलेल्या असतात. आधी त्या वाचा, मग वाट ठरवा. दुपारच्या खंडात जेवण आणि त्रियानों उरकावं. ते महाल बाराला उघडतात, त्यामुळे वेळ बरोबर जुळते.

कुठून सुरुवात करावी, हे खुद्द लुईनेच लिहून ठेवलंय. पाहुण्यांना बाग कशी दाखवावी याच्या सूचना त्याने एकदा नव्हे, अनेकदा सुधारून लिहिल्या, आणि त्यातली सुरुवात आजही चालते. वाड्यातून बाहेर पडून गच्चीसारख्या सपाटीवर थांबायचं, दोन्ही हौद बघायचे, मग सरळ लातोना या पुराणकथेतल्या देवीच्या कारंज्याच्या वरच्या कठड्याशी जायचं. तिथून खाली लातोना, पुढे हिरवळीचा ३३५ मीटरचा पट्टा, त्यापुढे सूर्यदेव अपोलोच्या रथाचं कारंजं आणि मग दीड किलोमीटरहून लांब कालवा, सगळं एका रेषेत. सकाळी ऊन पाठीवर असतं, म्हणून हा देखावा सकाळचाच. दुपारनंतर सूर्य कालव्याच्या बाजूला जातो, डोळे दिपतात आणि फोटो काळे येतात. वाड्याची बागेकडची भिंत मात्र संध्याकाळीच उजळते, तिचा फोटो परतताना काढा.

लातोनापाशी घाई करू नका. लातोना दोन्ही लेकरांना जवळ घेऊन आहे आणि तिला पाणी पिऊ न देणारे शेतकरी शाप लागून खालच्या पायऱ्यांवर बेडूक होत चाललेत. कुणाचं अंग माणसाचं आणि तोंड बेडकाचं, कुणी अजून हात वर करून ओरडतोय. पाणी सुटलं की हे सगळे एकदम आतल्या बाजूला धारा सोडतात आणि ती शिक्षा नीट कळते. २०१३ ते २०१५ या काळात या कारंज्याची डागडुजी झाली.

त्यानंतर दक्षिणेला ऑरेंजरी, म्हणजे कुंड्यांतल्या संत्र्यांची बाग, वरच्या कठड्यावरून बघायची. मे महिन्याच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत हजाराहून जास्त संत्री, लिंबं, डाळिंबं आणि ताडमाड बाहेर मांडलेले असतात. थंडीत सगळं आत हलवतात. कुंड्या नीट बघा. लाकडी चौकोनी पेट्या, कडेला लोखंडी पट्ट्या, आणि बाजूच्या फळ्या उघडता येतात. झाड न उपटता मुळं छाटता यावीत आणि माती बदलता यावी, एवढ्यासाठी ही रचना.

बॉस्केंमध्ये तीन चुकवू नका. नाचाच्या दालनात शिंपल्यांनी मढवलेल्या पायऱ्यांवरून पाणी उतरतं. कोलोनाद हे ३२ संगमरवरी खांबांचं वर्तुळ. आणि एन्सेलाद, दगडांखाली गाडला जाणारा सोनेरी राक्षस, ज्याच्या तोंडातून उंच फवारा उडतो. तो बंद असताना बघितला तर निम्मी गंमत जाते.

आता त्रासाचं. मधल्या भागात सावली नावाला नाही, पायाखालच्या पांढुरक्या खडीवरून ऊन उलटून अंगावर येतं, बुटांवर धुळीचा थर बसतो आणि बाबागाडीची चाकं रुततात. कालव्याकडे जाताना उतार जाणवत नाही. परतीच्या चढाला तो दुपटीने जाणवतो. वयस्कर मंडळी बरोबर असतील तर त्रियानोंकडे जाणारी छोटी गाडी घ्यावी. भाड्याच्या बॅटरीगाडीला वाहन परवाना लागतो. डबा बागेत उघडता येत नाही, बाहेरच्या पार्कात चालतो. टोपी, पाणी आणि बंद बूट घेतल्याशिवाय निघू नये.

शेवट समुद्रदेव नेपच्यूनच्या कारंज्यावर करा. हे ९९ धारांचं कारंजं दिवसाच्या अगदी शेवटी, थोडाच वेळ सोडतात. समोरच्या अर्धगोल हिरव्या उतारावर वीस मिनिटं आधी जागा धरावी. वाऱ्याची दिशा बघून बसा, नाहीतर तुषारांनी भिजाल; जुलैतल्या उन्हानंतर मात्र बरेच जण मुद्दाम त्याच बाजूला बसतात.