आमच्या कॉलेजची लायब्ररी: रॅक झकास, प्लग पॉइंट मोजके

मी संख्याशास्त्राची विद्यार्थिनी, त्यामुळे माझा मुक्काम ५१९.५ च्या रॅकपाशी. ड्यूई दशांश वर्गीकरणात, म्हणजे पुस्तकांना विषयवार आकडे देण्याच्या पद्धतीत, आमच्या विषयाचा हा आकडा. या लायब्ररीची सगळ्यात मोठी सोय म्हणजे रॅकपर्यंत स्वतः जाता येतं. चिठ्ठी लिहून काउंटरवर द्या आणि आतून येईल ते घ्या, असला प्रकार नाही. रिग्रेशनचं हवं ते पुस्तक कुणीतरी आधीच नेलेलं असतं, पण त्याच्या शेजारी त्याच विषयावरची आणखी तीन-चार उभी असतात आणि त्यातलं एखादं जास्त सोपं निघतं. नावच माहीत नसलेलं पुस्तक चिठ्ठीवर मागणार कसं?

शोधायला कोहा हे लायब्ररीचं सॉफ्टवेअर आहे. त्याचं ओपॅक, म्हणजे पुस्तकांची ऑनलाइन यादी, मोबाइलवरही उघडतं, पुस्तक बाहेर असेल तर परतीची तारीख दिसते, आपला नंबर लावून ठेवता येतो. मात्र 'उपलब्ध' दिसलं म्हणजे पुस्तक जागेवर असेलच, असं समजू नका. परीक्षा जवळ आली की काही महाभाग पुस्तकं भलत्याच विषयात दडवून ठेवतात. आमचं सॅम्पलिंगचं पुस्तक एकदा ८९१.४६ मध्ये, म्हणजे मराठी साहित्यात, कादंबऱ्यांच्या मागे सापडलं! रॅक रोज लावायला माणूस हवा, तो नाही. निदान प्रत्येक पाठ्यपुस्तकाची एक प्रत 'रेफरन्स' शिक्का मारून आतच ठेवतात, त्यावर वेळ निभावते.

जर्नल्स ऑनलाइन वाचायला जेस्टोर आहे, पण फक्त कॉलेजच्या नेटवर्कवर. घरून लॉगिन मिळावं म्हणून अर्ज केलाय, उत्तर नाही. शिवाय जेस्टोरवर बऱ्याच जर्नल्सचे अलीकडचे अंक नसतात, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. ताजं काही हवं असेल तर आमच्या विषयापुरतं अर्काइव्ह (arXiv) ही वेबसाइट बघा. तिथले शोधनिबंध कुणालाही फुकट वाचता येतात, फक्त ते छापून येण्याआधीचे, बहुतेकदा परीक्षण न झालेले असतात. जर्नल्सचे जुने बाउंड व्हॉल्यूम, म्हणजे एकत्र बांधलेले अंक, तळमजल्यावर आहेत. धूळ आहे, पण क्रम चोख.

वाचनकक्ष शांत. प्लग पॉइंट फक्त भिंतीकडेला, त्यामुळे लॅपटॉपवाल्यांनी सकाळीच जागा धरावी. झेरॉक्स आतच होते, पण पूर्ण पुस्तकाची करून देत नाहीत, ते बरोबरच आहे. ओळखपत्र विसरलात तर दारातूनच परत, कितीही ओळखीचे असा.