नवशिक्यांचा जलरंग संच : रंग पास, कागद नापास

‘नवशिक्यांसाठी’ म्हणून मिळणाऱ्या या संचात काय काय असते, हे बहुतेकांना ठाऊक आहे : बारा रंगवड्या, दोन गोल ब्रश आणि ३०० जीएसएम कागदाची वही. काही महिन्यांच्या वापरानंतर हे लिहिण्यास निमित्त झाले ते मास्किंग टेपचे. चित्र पूर्ण वाळल्यावर कडेची टेप अगदी सावकाश, तिरपी व बाहेरच्या दिशेने ओढत असतानाही तिच्याबरोबर कागदाचा पापुद्रा निघाला आणि सोलत सोलत थेट आकाशात शिरला.

विक्रेत्याकडे तक्रार केली असता ‘कागद ३०० जीएसएमचाच आहे’ एवढेच उत्तर पुन्हा पुन्हा मिळाले. ते खोटे नाही, पण तक्रार वजनाची नव्हतीच. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधील वजन. त्यावरून कागद पाण्याने किती वाकेल याचा अंदाज येतो, मात्र तो लाकडाच्या लगद्याचा आहे की कापसाचा आणि त्याचे सायझिंग (पाणी लगेच शोषले जाऊ नये म्हणून कागदावर केलेली प्रक्रिया) कसे झाले आहे, हे कळत नाही. जलरंगात तर सगळा खेळ त्यावरच असतो, आणि वहीच्या आवरणावर नेमका त्याचाच उल्लेख नाही.

सपाट वॉशचे, म्हणजे पातळ रंगाच्या एकसारख्या थराचे, उदाहरण घ्या. बोर्ड किंचित तिरपा ठेवून ब्रशचा आडवा हात फिरवला की त्याच्या खालच्या कडेला रंगाचे पाणी साचते, आणि पुढच्या हाताने तेच पाणी खाली ओढत न्यायचे असते. या कागदावर ते पाणी काही ठिकाणी आधीच शोषले जाते, त्यामुळे वाळल्यावर पट्टे दिसतात. ओल्यावर ओले, म्हणजे ओल्या कागदावर ओला रंग लावून, काम करताना कागद ठिकठिकाणी वेगवेगळ्या वेगाने वाळतो. अर्धवट वाळलेल्या भागात जास्त ओला ब्रश टेकला की पाणी रंगकणांना बाहेर ढकलते आणि फुलकोबीच्या कडेसारखा डाग उमटतो.

सुरुवातीचे बरेच दिवस मला रंगच हलक्या दर्जाचे वाटत होते. ते मत बदलले, कारण पूर्ण कापसाच्या कागदाचा एकच ताव घेऊन त्याचे पोस्टकार्डाएवढे तुकडे कापले आणि त्याच वड्या, तोच ब्रश वापरला, तेव्हा वॉश एकसंध उतरला. तुकड्यांच्या दोन्ही बाजू वापरल्या तर हा खर्च काटकसरी माणसालाही झेपतो. अल्ट्रामरीन निळ्याचे कण कागदाच्या खळग्यांत बसून जो दाणेदार पोत देतात, तोही तेथेच नीट दिसला. अल्ट्रामरीन आणि लालसर तपकिरी बर्न्ट सिएना यांच्या मिश्रणातून उबदार तपकिरीपासून थंड करड्यापर्यंत इतक्या छटा मिळतात की काळी वडी अजून कोरीच आहे. जलरंगात पांढरेपणासाठी कागदच मोकळा सोडायचा असल्याने पांढऱ्या वडीचे प्रयोजन तर मला आजही उमगलेले नाही.

वहीबाबतचे मतही पुढे थोडे मवाळ झाले. तिच्यावर रंग पृष्ठभागाजवळच राहतो, म्हणून ओलसर ब्रशने रंग उचलून ढग काढणे कापसाच्या कागदापेक्षा सोपे जाते; अर्थात थॅलो निळा येथेही डाग सोडतोच. त्याच गुणाची दुसरी बाजू अशी की, वाळलेल्या थरावर दुसरा पातळ थर देताना खालचा रंग सुटून गढूळपणा येतो. दुसरा थर एकाच हातात देऊन थांबले तर ते बरेच टळते. तिथेच ब्रश घासत राहिले तर कागदाच्या गोळ्या निघू लागतात.

टेप आधी कपड्यावर एकदोनदा चिकटवून तिचा चिकटपणा कमी केला तर कडा वाचतात, परंतु ग्राहकाने कागदाची अशी मनधरणी का करावी, हा माझा प्रश्न कायम आहे. त्यामुळे वहीची उरलेली पाने रंगछटांचे तक्ते करण्यात आणि ढग उचलण्याच्या सरावात संपवतो आहे. नवी वही घेणार नाही. रंगांचा डबा मात्र ठेवणार आहे. बर्न्ट सिएना सर्वांत आधी संपला, तेव्हा पांढरी वडी उचकटून काढली आणि त्या दुसऱ्या घरातही ट्यूबमधला बर्न्ट सिएनाच पिळून वाळवला.