त्रेपन्न की पन्नास तीन? मुलांना आधी काय शिकवायचं

2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसच्या जोडीला 'वीस एक' आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला, विषय पार विधानसभेत गेला, आणि मराठीची वाट लावताहेत म्हणून मीपण चिडले होते. नंतर भाचीला अंक शिकवायला बसले तेव्हा माझं मत बदललं.

मी म्हटलं त्रेपन्न लिही, तिने 35 लिहिलं. कानावर आधी 'त्रे' पडलं म्हणून तिने आधी 3 काढला, यात पोरीचं काय चुकलं सांगा. मग काड्यांचे दहा-दहाचे पाच गठ्ठे आणि तीन सुट्या काड्या समोर ठेवल्या, 'पन्नास तीन' म्हटलं, लगेच 53! बालभारतीच्या गणित समितीच्या तेव्हाच्या अध्यक्षा मंगला नारळीकर हेच तर सांगत होत्या, शिवाय त्र्याहत्तर, त्र्याण्णव असली जोडाक्षरं त्या वयात जड जातात ते वेगळंच. कन्नड, तेलुगूतही दशक आधी बोलतात, त्यामुळे सोलापूरकडे घरी कन्नड बोलणाऱ्या मुलाला ही पद्धत ओळखीची वाटेल.

पण नुसतं नवीनच शिकवलं तर? एक तर काही मुलं पन्नास तीन ऐकून 503 लिहितात, त्यांना गठ्ठे परत परत हाताळायला द्यावेच लागतात. दुसरं म्हणजे भाजीवाल्या मावशी 'पंचेचाळीस झाले' म्हणणार, आजी पंच्याहत्तरच म्हणणार, आणि पोर बघत राहणार. पाढ्यांचं तर विचारूच नका, 'सात सक बेचाळीस' जिभेवर बसतं, 'सात सक चाळीस दोन' म्हणून बघा, ठेकाच जातो. आणि मला सगळ्यात आवडतं ते एकोण, एकोणसाठ म्हणजे साठला एक कमी, म्हणजे 59 मध्ये 8 मिळवताना साठ आणि सात हे आपोआप सुचतं, 'पन्नास नऊ'मध्ये ते दिसत नाही.

त्यामुळे पहिली-दुसरीतलं मूल असेल आणि अंक उलटे लिहीत असेल तर बिनधास्त नव्या पद्धतीने सुरू करा, हात बसला की त्याच काड्यांवर जुनं नाव जोडून द्या. अंक नीट लिहिता येत असतील आणि घरात सगळे मराठीच बोलत असतील तर जुनंच चालू ठेवा, उगाच बदलू नका. भाचीला दोन आठवड्यांनी परत त्रेपन्न म्हटलं तर विचारते, "मावशी, म्हणजे पन्नास तीनच ना?" आणि 53 लिहिलं. आता एकाहत्तर ते एकोणऐंशी चाललंय, तिथे अजून अडखळते.