सोया मेणबत्तीवरचे पांढरे डाग: तापमान सांभाळायचे की मेणात मिश्रण करायचे?

सोया मेण (सोयाबीन तेलापासून बनवलेले मेण) गोठताना त्याचे स्फटिक बनतात, तेच वर पांढऱ्या बुरशीसारखे दिसतात. जळण्यात फरक पडत नाही, पण गडद रंगाच्या मेणबत्तीची शोभा जाते.

निव्वळ सोया वापरायचे तर सगळा खेळ तापमानाचा. मेण ८० अंश सेल्सिअसपर्यंत वितळवा आणि ५५ ते ६० अंशांना ओता. साताऱ्यात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे ग्लास बर्फासारखे गार असतात, म्हणून ते आधी ४० अंशांपर्यंत कोमट करा. ओतल्यावर दोन ग्लासांत चार बोटं अंतर ठेवून वर पुठ्ठ्याचं खोकं पालथं घाला, पंखा बंद. खर्च काही नाही. मात्र साठवणीत ऊन-गारवा लागला की काही आठवड्यांनी डाग पुन्हा येतात.

दुसरा मार्ग म्हणजे ९०० ग्रॅम सोयात १०० ग्रॅम मधमाश्यांचं मेण. त्याने स्फटिक आवरतात, सांगलीच्या उन्हाळ्यात मेणबत्ती मऊही कमी पडते. ओतायचं मात्र ६५-७० अंशांना. किंचित पिवळी छटा येते, वात एका मापाने जाड लागते, खर्च वाढतो.

पांढऱ्या मेणबत्तीला पहिला मार्ग पुरतो; रंगीतला आम्ही मिश्रणच सुचवू. काचेलगतचे ओलसर दिसणारे डाग वेगळे: तिथे मेणाने काच सोडलेली असते. त्यासाठी ग्लास साबणाने धुऊन पूर्ण कोरडा करा.