स्काय-वॉचर स्टार अ‍ॅडव्हेंचरर २आय: आपल्या अक्षांशावर कितपत कामाचा?

आधी निकाल सांगून टाकतो. तुमच्याकडे १४ ते २० मिमीची लेन्स असेल आणि आकाशगंगेखाली किल्ला, तळं किंवा झाड असे फोटो हवे असतील, तर हा ट्रॅकर (ताऱ्यांच्या वेगाने कॅमेरा फिरवणारं यंत्र) घेऊ नका. त्या पैशात चांगला ट्रायपॉड घ्या, उरलेले पैसे पेट्रोलला ठेवा. ३५ मिमीपासून १३५ मिमीपर्यंतच्या लेन्सने वृश्चिक, मृग किंवा देवयानी टिपायची असेल, तर मात्र या वर्गात इतकं काम देणारं यंत्र सहज सापडणार नाही. या दोन वाक्यांमधला फरक नीट कळला नाही, तर खरेदी वाया जाते. म्हणून थोडं गणित.

आकाश सेकंदाला १५ विकला सरकतं (विकला म्हणजे अंशाचा छत्तीसशेवा भाग). २४ मेगापिक्सेलच्या एपीएस-सी कॅमेऱ्यावर ५० मिमीची लेन्स लावली तर एक पिक्सेल साधारण १६ विकलांचा येतो. म्हणजे खगोलीय विषुववृत्ताजवळचा तारा सेकंदाला जवळपास एक पिक्सेल सरकतो. दहा सेकंद शटर उघडं ठेवलं की नऊ पिक्सेलची रेघ. १३५ मिमीवर तीच गोष्ट सेकंदाला अडीच पिक्सेलवर जाते, तिथे ट्रॅकरशिवाय काही होत नाही. उलट १४ मिमीच्या लेन्सवर, २४ मेगापिक्सेलच्या फुलफ्रेमला, पिक्सेल ८८ विकलांचा असतो. वीस सेकंदांत साडेतीन पिक्सेलची हालचाल होते आणि ती प्रिंटवर शोधावी लागते. अशा पंधरा-वीस फ्रेम घेऊन सॉफ्टवेअरमध्ये स्टॅक केल्या, म्हणजे एकावर एक जुळवून एक केल्या, की नॉइज उतरतो आणि पाठीवरचं वजनही वाचतं.

यंत्र म्हणजे काय, तर साबणाच्या मोठ्या डब्याएवढी एक मोटर. आत १४४ दातांचं चक्र आणि त्याला फिरवणारा वर्म, म्हणजे मळसूत्री दांडा. बॉडी सुमारे एक किलोची. सोबतचा वेज (अक्ष तिरका लावायचा पाया), डेक्लिनेशन ब्रॅकेट (कॅमेरा बाजूला धरणारी पट्टी) आणि एक किलोचं काउंटरवेट धरलं, तर कॅमेरा-लेन्स सोडून पाठीवर तीन किलोच्या आसपास भर पडते. क्षमता कागदावर ५ किलो. व्यवहारात कॅमेरा आणि लेन्स मिळून अडीच-तीन किलोच्या पुढे नेऊ नये. मोटर ओढते, पण वेज आणि ट्रायपॉड डगमगायला लागतात.

वीज चार पेन्सिल सेलवर किंवा मिनी यूएसबीतून. मिनी, मायक्रो नव्हे, सी तर नव्हेच. ही जुन्या आकाराची केबल आता कुणाकडे मागितली तर मिळत नाही, म्हणून एक जादा बॅगेत ठेवाच. पॉवरबँकचा एक घोळ इथे हमखास होतो. ट्रॅकर इतका कमी करंट ओढतो की बऱ्याच पॉवरबँकांना वाटतं काही जोडलेलंच नाही, आणि थोड्या वेळाने त्या स्वतःहून बंद होतात. मोटर थांबते, दिवा विझतो, पुढच्या सगळ्या फ्रेम रेघोट्या. उपाय दोन: रिचार्जेबल पेन्सिल सेल वापरा, ते रात्रभर आरामात पुरतात, किंवा त्याच पॉवरबँकेवर लेन्स हीटरची पट्टी जोडा, म्हणजे ती जागी राहते. धरणाकाठी ऑक्टोबर ते जानेवारी दव इतकं पडतं की ही पट्टी तशीही लागतेच.

आता खरा मुद्दा, ध्रुवाकडे अक्ष लावणं. यंत्राचा अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर हवा आणि त्यासाठी ध्रुवतारा दिसायला हवा. ध्रुव क्षितिजापासून आपल्या अक्षांशाइतकाच वर असतो: कोल्हापूरला पावणेसतरा अंश, पुण्याला साडेअठरा, भंडारदऱ्याला साडेएकोणीस, पेंचला साडेएकवीस. युरोपातले व्हिडिओ बघून खरेदी केलेल्यांची पहिली फजिती इथे होते. तिकडे ध्रुव आकाशात बराच वर असतो. आपल्याकडे तो धुरकट पट्ट्यात, झाडांच्या शेंड्यांमागे, नाहीतर थेट डोंगराआड असतो. जागा निवडताना हात ताठ पुढे करून क्षितिजावर दोन मुठी एकावर एक ठेवा. त्यांच्या वरच्या कडेपर्यंत उत्तर मोकळी हवी. आकड्यात सांगायचं तर एक किलोमीटरवर साडेतीनशे मीटर उंचीचा कडा उत्तरेला असेल तर ध्रुव गेला. सह्याद्रीत हे अगदी नेहमीचं आहे. कळसूबाईच्या किंवा अलंग-मदन-कुलंगच्या दक्षिण पायथ्याशी, डोंगराला खेटून तंबू ठोकला तर तिथून फोटो सुंदर येईल, पण ट्रॅकर आंधळा होईल. तळ्याच्या दुसऱ्या काठाला, डोंगरापासून तीन-चार किलोमीटर दूर गेलं की प्रश्न सुटतो.

मांडणी अशी करा. ट्रायपॉडचा एक पाय बरोबर उत्तरेला. हे शोभेसाठी नाही. कमी अक्षांशावर वेज जवळजवळ आडवा होतो, कॅमेऱ्याचं वजन उत्तरेकडे झुकतं आणि त्या बाजूला पाय नसेल तर सगळा डोलारा कलंडू शकतो. मधला दांडा वर काढू नका. पाय मात्र फार आखूडही ठेवू नका, नाहीतर ध्रुवदुर्बिणीची (ध्रुवतारा बघायला अक्षातच बसवलेल्या छोट्या दुर्बिणीची) आयपीस फार खाली येते आणि मान वाकडी करून बघताना दगडावर गुडघे सोलवटतात. गुडघ्याखाली घ्यायला सतरंजीचा तुकडा असू द्या. वेजवरचा बुडबुडा मध्यावर आणा, पट्टीवर अक्षांश लावा, बॉडीवरचं बटण ‘एन’ (उत्तर गोलार्ध) खुणेवर आहे का बघा. ‘एन-एस’चं बारीक बटण अंधारात बोटाने सहज सरकतं. ते ‘एस’वर गेलं की मोटर उलटी फिरते आणि तारे ट्रॅकर नसतानाच्या दुप्पट लांब ओढले जातात. पहिल्याच फ्रेममध्ये असं दिसलं तर कारण नव्वद टक्के हेच.

दुर्बिणीतल्या वर्तुळावर ध्रुवतारा नेमका कुठे ठेवायचा ते फोनवरचं कुठलंही पोलर अलाइनमेंट अ‍ॅप सांगतं. ध्रुवतारा खऱ्या ध्रुवापासून पाऊण अंशाहून थोडा कमी दूर आहे, म्हणून तो मधोमध ठेवायचा नसतो. फोन बंद पडला तर जुनी युक्ती: ध्रुवमत्स्यातला दुसरा ठळक तारा कोचाब नुसत्या डोळ्यांना ज्या दिशेला दिसतो, दुर्बिणीतल्या वर्तुळावर ध्रुवतारा त्याच बाजूला ठेवायचा. दुर्बीण उलटं दाखवते म्हणून हे जमतं. आपल्या अक्षांशावर कोचाब कधीकधी क्षितिजाला टेकतो, तेव्हा ही युक्ती चालत नाही.

ध्रुव लागला की वेजचा अक्षांशाचा स्क्रू आवळताच तारा खाली सरकतो. हा या वेजचा सगळ्यात मोठा दोष. स्क्रू पूर्ण सैल ठेवून जुळवायचं आणि शेवटी आवळायचं, ही सवय सोडा. सुरुवातीपासूनच तो अर्धा आवळलेला ठेवा, तारा जिथे हवा तिथून किंचित वर आणा, मग शेवटचा पाव फेरा द्या. दुसरी अडचण बॉलहेडची, म्हणजे कॅमेरा हवा तसा वळवणाऱ्या गोल सांध्याची. सोबतचा गोल अ‍ॅडॉप्टर लावला की ध्रुवदुर्बिणीची वाट अडते, म्हणजे आधी ध्रुव लावायचा आणि मग कॅमेरा चढवायचा. चढवताना धक्का बसतोच. ५० मिमीच्या वरची लेन्स असेल तर बॉलहेडचा नाद सोडा आणि ब्रॅकेट-काउंटरवेट वापरा. कॅमेरा चढवलेला असतानाही ध्रुव पुन्हा तपासता येतो. तपासायचाच.

डोंगराआड ध्रुव गेला असेल तर सगळं संपलं असं नाही. महाराष्ट्रात होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांत एक अंशाचाही फरक नाही. फोनचं होकायंत्र ट्रॅकर आणि ट्रायपॉडपासून हातभर दूर धरून दिशा घ्या (मोटरजवळ ते काहीही दाखवतं), अक्षांश फोनच्या लेव्हलने लावा. चूक एका अंशाच्या आत ठेवता आली, तर तारा मिनिटाला जास्तीत जास्त १६ विकला घसरतो. वरच्या हिशेबाने ५० मिमीवर एक मिनिटाचं एक्स्पोजर जवळजवळ स्वच्छ येतं, २४ मिमीवर दोन मिनिटंही चालतात. १३५ मिमीवर मात्र अडीच पिक्सेलची रेघ, तिथे हा जुगाड उपयोगाचा नाही.

नवा पीस हाती आल्यावर दिवसा एक काम करून घ्या. दुर्बीण दूरच्या मोबाइल टॉवरच्या टोकावर रोखा आणि अक्ष अर्धा फेरा फिरवा. टोक मध्यावरून हललं तर दुर्बिणीतली जाळी (खुणा कोरलेली काच) केंद्रात नाही. तीन बारीक अ‍ॅलन स्क्रू आहेत. एक सैल करायचा तेवढाच समोरचे आवळायचे, एका वेळी पाव फेऱ्याहून कमी, आणि निम्मीच चूक काढायची, कारण उरलेली निम्मी फिरवण्यातून येते. दोन स्क्रू एकदम सैल सोडले की जाळीची काच आत पडते, मग तास गेला समजा.

प्रत्यक्ष ट्रॅकिंग कसं आहे? चांगलं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे चूक कुठे येईल ते आधी सांगता येतं. वर्मचा एक फेरा सुमारे दहा मिनिटांचा, त्या दहा मिनिटांत वेग किंचित मागेपुढे होतो. ध्रुव नीट लागलेला असेल तर ८५ मिमीवर दोन मिनिटं, १३५ वर एक ते दीड मिनिट निर्धास्त. २०० मिमीवर काही फ्रेम फेकाव्याच लागतात. त्याच्या पुढे गाइडिंगचं (दुसऱ्या छोट्या कॅमेऱ्याने तारा बघत वेग दुरुस्त करण्याचं) पोर्ट आहे, पण त्यासाठी लॅपटॉप किंवा वेगळा कंट्रोलर डोंगरावर वाहायचा असेल तर हौस म्हणूनच. कॅमेऱ्याची बाजू पूर्वेला अगदी थोडी जड ठेवा म्हणजे दात एकाच बाजूने टेकलेले राहतात. मोटर चालू केल्यावर पहिलं अर्धं मिनिट आणि पहिली फ्रेम सोडून द्या.

वृश्चिकातल्या ज्येष्ठा ताऱ्याच्या आसपासचा रंगीत ढगांचा पट्टा १३५ मिमी, एफ २.८, आयएसओ १६००, ६० सेकंद, साठ फ्रेम, अशा तासाभराच्या कामात मस्त निघतो. आणि इथे आपला अक्षांश आपल्या बाजूने आहे: ध्रुव जितका खाली, तितकं आकाशगंगेचं केंद्र वर. पुण्याहून ते साडेबेचाळीस अंशांपर्यंत चढतं, उत्तर युरोपात ते क्षितिज जेमतेम सोडतं. मार्चच्या मध्यात ते रात्री दीडच्या सुमारास उगवतं, मेच्या मध्यात पावणेतीनला दक्षिणेला सगळ्यात वर येतं. पावसाळा मधला काळ खातो. ऑक्टोबरच्या मध्यात अंधार पडल्यापासून दहाला मावळेपर्यंत जेमतेम अडीच तास मिळतात, त्यातला शेवटचा तास धुक्यात जातो.

लँडस्केपवाल्यांसाठी डायलवरचा अर्ध्या वेगाचा पर्याय जाहिरातीत छान दिसतो. आकाश आणि जमीन दोन्ही अर्धे-अर्धे सरकतात. २४ मिमीवर तीसेक सेकंदांना तो बरा, पण बारीक फांद्या असतील तर दोन्हीकडून पंचाईत. जमिनीसाठी मोटर बंद करून वेगळी फ्रेम घ्या, शक्यतो संध्याकाळच्या शेवटच्या निळ्या उजेडात, तिथूनच आणि त्याच फोकसवर. जोडताना निष्पर्ण झाडाची कड म्हणजे शिक्षा. गडाची तटबंदी, कातळ किंवा डोंगराची सलग धार निवडा. कोकणात वाळूवर उभे असाल तर पायांखाली फरशीचे तुकडे ठेवा, नाहीतर ट्रायपॉड हळूहळू रुततो आणि दोष ट्रॅकरला जातो.

वायफाय आणि अ‍ॅपबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. ट्रॅकरच्या वायफायला इंटरनेट नसतं, म्हणून फोन परत मोबाइल डेटावर उडी मारतो. डेटा बंद ठेवा. शटरची केबल कॅमेऱ्याच्या कंपनीनुसार वेगळी लागते. साधा इंटरव्हलोमीटर (ठरावीक वेळाने शटर उघडणारा रिमोट) वापरला तरी काही अडत नाही.

कंपनीचं जीटीआय हे मॉडेल त्यानंतर आलं. त्यात दोन्ही अक्षांना मोटर आहे, लक्ष्य स्वतः शोधतं, पण ते बरंच जड आहे. गाडी जिथपर्यंत जाते तिथेच फोटो काढणार असाल तर ते बघा. हरिश्चंद्रगड किंवा रतनगड चढून जाणाऱ्याला २आयच परवडतो.

त्यामुळे २आय वापरलेला मिळण्याची शक्यता आता जास्त आहे. घेताना सेल टाकून ताऱ्याच्या वेगावर लावा आणि यंत्र कानाशी धरा: आवाज सलग हवा, अडखळता नको. क्लच आवळून कॅमेऱ्याची प्लेट हाताने हलक्याने हलवा, टक्क असं ढिलं लागलं तर दातांमध्ये खेळ आहे. सेलच्या कप्प्यातले स्प्रिंग हिरवट झालेत का बघा. मिनी यूएसबीचं पोर्ट केबल लावून हलवून बघा, मोटर थांबली तर सोल्डर सुटलाय. आणि ध्रुवदुर्बिणीतून दिव्याकडे बघून आत बुरशीचे धागे नाहीत ना, याची खात्री करा. चार पावसाळे कपाटात काढलेल्या यंत्रात ते हमखास असतात.