वसरीतला ओनिडा आणि ५४९ रुपयांचा काळा डबा

हा अभिप्राय एचडीएमआय टू एव्ही कन्व्हर्टरचा, म्हणजे नव्या प्लेयरची एचडीएमआय वायर जुन्या टीव्हीच्या लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांना जुळवून देणाऱ्या डब्याचा. काड्यापेटीहून थोडा मोठा काळा डबा, कंपनीचं नाव कुठेच नाही, ऑनलाइन ५४९ रुपये. पाचपैकी साडेतीन तारे देते, आणि दीड का कापला तेही सांगते.

घर आमचं फोंड्याजवळ, कवळ्यात. वसरीतल्या सागवानी शोकेसमध्ये २१ इंची ओनिडा बसलाय, त्या शिंगं-शेपटीवाल्या भुताच्या जाहिरातींच्या काळातला. शोकेस त्याच्याच मापाने करून घेतलेली, म्हणून तो काढायचा नाही हे आईचं म्हणणं. (तो उचलायला दोन माणसं लागतात, हे माझं.) बाबांकडे बावीस डिस्क आहेत. गावच्या उत्सवात देवळासमोर मांडवात झालेली नाटकं, कॅसेटवरून डीव्हीडीवर उतरवून घेतलेली. चार नाटकांत बाबा स्वतः आहेत, एकात तर लुगडं नेसून. जुना डीव्हीडी प्लेयर या पावसाळ्यात गेला. दादा मस्कतहून सुट्टीवर आला तो ब्लू-रे प्लेयर घेऊनच. मागे बघते तर एचडीएमआयचं एकुलतं एक भोक. लाल, पांढरं, पिवळं काही नाही.

त्यात दादाची चूक नाही. ब्लू-रेच्या नक्कल-प्रतिबंधाचे जे नियम आहेत, एएसीएस म्हणतात त्याला, त्यांनी २०११ पासूनच्या प्लेयरांना पिवळ्या पिनेसारख्या जुन्या, ॲनालॉग वायरीवर साध्या दर्जाच्या चित्रापुरतंच बांधून टाकलं, आणि २०१३ संपल्यावर तीही वाट बंद केली. म्हणजे नव्या प्लेयरला पिवळी पिन शोधत बसू नका, मिळायची नाही.

मग मी बाजारात गेले. दुकानदाराने एका टोकाला एचडीएमआय आणि दुसऱ्या टोकाला तीन रंगीत पिना असलेली वायर दिली, २५० रुपये. ‘टीव्ही जुना आहे हां,’ म्हटलं, तर म्हणाला, ‘जातलें गो बाय!’ (होईल गं बाई!) काही झालं नाही. होणारच नव्हतं. एचडीएमआयमधून आकडे येतात, जुन्या टीव्हीला लागते चढउतार होणारी वीज. मधे एक चिप बसून भाषांतर केल्याशिवाय दोघांची गाठ पडत नाही, आणि नुसत्या तांब्याच्या तारेत चिप कुठली? दुकानदाराने वायर परत घेतली नाही. ती आता फुलझाडाला बांधलीय.

डबा मागवताना एक बघा: ‘एचडीएमआय टू एव्ही’ आणि ‘एव्ही टू एचडीएमआय’ हे दोन डबे दिसायला जुळे आहेत, आणि काम नेमकं उलटं करतात. मी तीनदा वाचून मागवला.

डबा आला, त्यात चार्जर नव्हता, फक्त यूएसबीची वायर. अर्धा तारा तिथे गेला. जुन्या मोबाइलचा ५ व्होल्टचा चार्जर लावला आणि चित्र आलं, पण काळं-पांढरं आणि थरथरणारं. डब्याच्या कडेला नखाने सरकवायचं एक बारीक बटण आहे, पाल आणि एनटीएससी, टीव्हीच्या चित्राच्या दोन पद्धती. कारखान्यातून ते एनटीएससीवर येतं. आपले जुने टीव्ही पालचे, ६२५ रेघा आणि सेकंदाला २५ चित्रं. बटण सरकवलं, रंग आले. आई म्हणाली, ‘आता दिसतंय गं, पण सगळे इतके रोडावले कशाने?’

खरंच, नायक उदबत्तीसारखा दिसत होता, दोन्ही बाजूंना काळे पट्टे. प्लेयर समजत होता की समोर १६:९ चा रुंद टीव्ही आहे. डिस्कवरचं ४:३ चं, म्हणजे जुन्या टीव्हीच्या आकाराचं चित्र तो रुंद चौकटीत मधोमध ठेवत होता, आणि डबा ती अख्खी चौकट ओनिडात चेपत होता. सेटिंग बदलायला जावं तर मेनूची अक्षरं इतकी पुसट की वाचवेनात. शेवटी प्लेयर काखेत मारून शेजारच्या वहिनींकडे गेले आणि त्यांच्या एलईडीवर तीन गोष्टी बदलल्या. टीव्हीचा आकार ४:३. रेझोल्यूशन १०८० ऐवजी ५७६पी, कारण डिस्कवर आहेच ७२० बाय ५७६. प्लेयरने ते फुगवायचं आणि डब्याने पुन्हा दाबायचं, यात फक्त धार जाते. आणि आवाज पीसीएमवर, म्हणजे पॅक न केलेला साधा, कारण डॉल्बीचा पॅक केलेला आवाज या डब्याला उलगडत नाही, टीव्ही मुका राहतो.

ओनिडाला आवाजाचं एकच भोक, म्हणून पांढरी आणि लाल जोडायला वाय पिन घेतली, ४० रुपये. त्याशिवाय ऑर्गन यायचा आणि तबला अर्धा गायब.

आता चित्राचं. वहिनींच्या ४३ इंची एलईडीवर तीच डिस्क लावून पाहिली होती: चेहरे मेणाचे, आणि पात्र विंगेत वळलं की कडांना करवतीचे दात. ओनिडावर तसं काही नाही. हे चित्रण अशाच टीव्हीसाठी, एकाआड एक रेघांनी झालेलं, त्यामुळे त्याला घरी आल्यासारखं होतं. जुन्या डीव्हीडी प्लेयरच्या सरळ पिवळ्या वायरीपेक्षा किंचित मऊ दिसतं, तेवढं या डब्याचं देणं. दादाने आणलेला ब्लू-रे सिनेमाही चालला, पण खालची इंग्रजी वाक्यं वाचवत नाहीत. पन्नास जीबीची डिस्क ओनिडावर बघणं म्हणजे मानकुराद आंबा मिक्सरला लावणं.

उरलेला एक पूर्ण तारा मी याच्यासाठी कापला: वीज गेली आणि आली की डबा कधीकधी निळा पडदा दाखवत बसतो, वायर काढून घालावी लागते. आणि आमच्याकडे पावसात वीज किती वेळा जाते ते तुम्हाला माहीत आहे. बाबा आता ते स्वतःच करतात. त्याला ते ‘डब्याचा कान पिळणं’ म्हणतात. काल रात्री लुगड्याच्या अंकात दोनदा पिळावा लागला.