खडे घासण्याचा छोटा कारखाना: मुद्रा की पीएमईजीपी?

जयपुरात खड्यांना पैलू पाडण्याचा छोटा कारखाना टाकायचा, तर भांडवलासाठी दोन वाटा समोर येतात: मुद्रा कर्ज आणि पीएमईजीपी (पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम, म्हणजे बँकेच्या कर्जाला अनुदान जोडून देणारी केंद्राची योजना).

2015 पासून सुरू असलेली मुद्रा सुटसुटीत. 10 लाखांपर्यंत तारण नाही, पण अनुदानही नाही. पीएमईजीपीत खुल्या प्रवर्गाला शहरात प्रकल्पखर्चाच्या 15 टक्के, ग्रामीण भागात 25 टक्के अनुदान. स्वतःचे 10 टक्के घालायचे. मात्र अनुदान 3 वर्षं बँकेतच अडकून राहतं, आणि पहिल्यांदा ते नव्या उद्योगासाठीच मिळतं.

खरं पाहायचं ते पैसा कुठे जिरतो हे. घासणीची चाकं, मोटर, पाण्याची सोय, धूळ ओढणारा पंखा यांचा खर्च एकदाच. (पंख्यात काटकसर अजिबात नको, सिलिकाच्या धुळीने कारागिरांची फुप्फुसं जातात.) कच्चा माल मात्र पुन्हा पुन्हा घ्यावा लागतो. लाखेने काडीवर चिकटवलेल्या खड्यात घासताना आतली चीर उघडी पडली, की त्या नगाचे पैसे बुडाले.

म्हणून जोहरी बाजारातल्या व्यापाऱ्यांचा माल मजुरीवर घासून द्यायचा असेल, तर माझ्या मते मुद्रा पुरेशी आहे. गावाकडे जागा असेल, चार कारागीर हाताशी असतील आणि यंत्रं जास्त लागणार असतील, तर पीएमईजीपीच्या कागदपत्रांची दगदग जरूर करावी.